जुन्या खिशातल्या घड्याळाची तबकडी इजा न होऊ देता कशी उतरवावी

खिशातल्या जुन्या घड्याळाच्या बहुतेक बिघाडांवर काही ना काही इलाज निघतो. तुटलेली कमान (घड्याळ चालवणारी स्प्रिंग) बदलता येते, झिजलेला पिव्हट (चाकाच्या आसाचे बारीक टोक) घासून नीट करता येतो, हरवलेला स्क्रू दुसऱ्या मशीनमधून मिळवता येतो. इनॅमलच्या तबकडीला गेलेला तडा मात्र पुन्हा कधीही सांधता येत नाही, आणि असे बरेच तडे घड्याळ पडल्यामुळे नव्हे, तर दुरुस्तीच्या वेळी तबकडी जोर लावून काढल्यामुळे गेलेले असतात. म्हणून घड्याळ उघडण्याच्या सगळ्या कामांमध्ये सोप्या दिसणाऱ्या या एका कामाचा सविस्तर विचार येथे केला आहे.

सांगली-मिरज परिसरातील जुन्या घरांत अशी घड्याळे अजून निघतात. रेल्वेत नोकरी केलेल्या कुटुंबात मुंबईत १८८६ मध्ये सुरू झालेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीचे एखादे दणकट घड्याळ असते, संस्थानी नोकरी किंवा वकिली केलेल्या घरात चांदीच्या केसचे (बाहेरच्या डबीचे) स्विस अथवा इंग्लिश घड्याळ असते, क्वचित वॉल्थम किंवा एल्जिन या अमेरिकन कंपन्यांचेही सापडते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरांत कृष्णेचे पाणी शिरले, तेव्हा कपाटातल्या आणि पेटीतल्या वस्तूंबरोबर काही घड्याळेही भिजली. त्यांचा विचार पुढे वेगळा केला आहे, कारण गंजलेल्या घड्याळाची तबकडी काढणे हे निराळेच काम आहे.

आधी तबकडी काढण्याची गरज खरोखर आहे का, हे ठरवावे. काटे फिरत नसतील, काटे लावण्याची (वेळ जुळवण्याची) यंत्रणा अडकत असेल, किंवा मशीन पूर्ण उघडून धुवायचे असेल, तर ती काढावीच लागते. स्विस घड्याळात मशीन बनवणाऱ्या कारखान्याची खूण पुष्कळदा तबकडीखालच्या प्लेटवर असते, त्यामुळे ओळख पटवण्यासाठीही कधी ती काढावी लागते. वॉल्थम किंवा एल्जिनच्या बाबतीत मात्र मागच्या प्लेटवरील अनुक्रमांकावरून मॉडेल आणि साधारण वर्ष कळते, तेव्हा केवळ कुतूहलापोटी तबकडीला हात लावू नये.

तबकडी कशाची आहे आणि ती कशाने धरली आहे

एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चांगल्या घड्याळांची तबकडी बहुधा इनॅमलची असते. तांब्याच्या पातळ चकतीवर काचेची पूड पसरून ती सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवली जाते, आणि चकती वाकू नये म्हणून मागच्या बाजूलाही तसाच थर दिला जातो. म्हणजे आपल्या हातात धातू दिसत असला, तरी प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंनी काच असते. घरातल्या जुन्या इनॅमलच्या ताटाचा टवका जसा काठाला उडतो, तसाच तबकडीचाही काठाला, मधल्या भोकाशी किंवा मागे पायाच्या बुडाशी उडतो. काही तबकड्यांत मधला भाग आणि सेकंदाचे वर्तुळ वेगळे करून थोडे खोल बसवलेले असते. अशी तबकडी एकसंध नसून डाकाने जोडलेल्या दोन किंवा तीन तुकड्यांची असते, म्हणून तिला जास्त जपावे लागते.

धातूच्या तबकडीला तडा जात नाही, पण ती वाकते, आणि तिच्यावरील अक्षरे बोटाच्या घामानेही खराब होतात. अगदी स्वस्त घड्याळांत कागदी तबकडी थेट प्लेटवर चिकटवलेली आढळते. ती काढण्याचा विचारच करू नये. अंक आणि काटे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले असतील, तर त्या जुन्या रंगात रेडियम असण्याची शक्यता धरून चालावे. रंग आता चमकत नसला, तरी रेडियम तसेच असते, कारण त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. बंद पडते ती त्याच्याबरोबर मिसळलेल्या चमकणाऱ्या पुडीची चमक. असे घड्याळ घरच्या टेबलावर उघडू नये, त्यावर फुंकर तर मुळीच घालू नये. ते काम जाणकाराकडे सोपवावे.

तबकडीच्या मागे तांब्याचे बारीक पाय असतात, बहुतेक अमेरिकन घड्याळांत तीन, तर स्विस घड्याळांत दोन किंवा तीन. हे पाय प्लेटच्या भोकांतून आत जातात आणि तेथे धरले जातात. ते धरण्याच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पहिल्या पद्धतीत प्लेटच्या कडेला, केंद्राकडे रोखलेले बारीक स्क्रू असतात आणि त्यांची टोके पायांना दाबून धरतात. दुसऱ्या पद्धतीत स्क्रू मशीनच्या आतल्या बाजूने दिसतो आणि त्याच्या डोक्याचा एक भाग कापलेला असतो. डोक्याची गोल बाजू पायात रुतून बसते आणि कापलेली बाजू पायाकडे वळवली, की पाय मोकळा होतो. तिसरी पद्धत जुन्या इंग्लिश आणि काही आरंभीच्या अमेरिकन घड्याळांची आहे. तिच्यात पायाला आडवे भोक असून त्यात निमुळती पितळी पिन ठोकलेली असते. आपल्यासमोरचे घड्याळ यांपैकी कोणत्या पद्धतीचे आहे, हे भिंगातून नीट पाहून समजल्याशिवाय पेचकस उचलू नये. सगळे पाय मोकळे झाले की तबकडी आपोआप हलते; ती हलत नसेल, तर अजून काहीतरी तिला धरून आहे, आणि ते काय आहे हे शोधणे हेच पुढचे काम असते.

हत्यारे आणि बसण्याची जागा

हत्यारांची यादी मोठी नाही. पात्याची रुंदी सुमारे ०.८ ते १.६ मिलिमीटर असलेले तीन-चार घड्याळी पेचकस, टोकदार चिमटा, डोळ्याला लावायचे भिंग, काटे उचलण्याच्या चपट्या पट्ट्यांची जोडी, मशीन ठेवायचा होल्डर, लाकडी काड्या आणि हवा मारण्याचा रबरी फुगा एवढे पुरते. पेचकसाचे पाते स्क्रूच्या खाचेत पूर्ण रुंदीने बसले पाहिजे. अरुंद पाते खाच बिघडवते आणि रुंद पाते बाजूच्या प्लेटवर ओरखडा काढते. काटे उचलण्यासाठी पेचकस वापरण्याची सवय पुष्कळांना असते. ती सोडावी, कारण तबकडीच्या मधल्या भोकाभोवती दिसणारे चंद्रकोरीसारखे टवके बहुतांशी त्यामुळेच पडतात.

उंच काठाच्या पांढऱ्या ताटात मऊ सुती कापड पसरून त्यावर काम करावे, म्हणजे निसटलेला स्क्रू ताटातच राहतो. छताचा पंखा बंद ठेवावा. तबकडीखाली सापडणारी पातळ चकती पंख्याच्या वाऱ्याने सहज उडून जाते. पावसाळ्यात हातांना घाम फार येतो आणि निळ्या पोलादी काट्यांवर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात, म्हणून बोटांना रबरी टोप्या घालाव्यात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवावा, विशेषतः स्क्रूंची जागा दिसेल असा.

प्रथम कमान उतरवावी

घड्याळाला किल्ली दिलेली असेल, तर मशीन केसमध्ये असतानाच कमानीचा जोर उतरवून घ्यावा. ही गोष्ट आधी करण्याचे कारण असे की, अनेक अमेरिकन घड्याळांत किल्ली देण्याची दांडी केसमध्येच राहते. मशीन बाहेर आले, की क्राउन (किल्ली देण्याची गोल मूठ) धरून जोर हळूहळू सोडण्याची सोय उरत नाही. मागचे झाकण उघडून कमानीच्या चाकाला अडवणारा खटका शोधावा. क्राउन चिमटीत घट्ट धरून किल्ली देण्याच्या दिशेने किंचित फिरवावा, म्हणजे खटक्यावरचा भार कमी होतो. मग लाकडी काडीने खटका बाजूला धरावा आणि क्राउन बोटांतून थोडा थोडा उलटा सरकू द्यावा. तो एकदम सुटता कामा नये. वेगळ्या किल्लीच्या घड्याळात हेच काम किल्ली चौकोनी दांडीवर ठेवून करावे.

साखळीची फ्यूझी (साखळी गुंडाळण्याची शंकूसारखी चकरी) असलेल्या इंग्लिश घड्याळाला मात्र हा नियम लावू नये. त्याची रचना वेगळी असते आणि कमानीचा आरंभीचा ताण धरणारे दातेरी चाक अनेकदा तबकडीखालीच असते. अशा घड्याळात बॅलन्स चक्र (पुढे-मागे डोलणारे चक्र) मऊ कागदाच्या पट्टीने हलकेच थांबवून तबकडी काढता येते, पण नंतर दिसणाऱ्या त्या दातेरी चाकाला अजिबात स्पर्श करू नये. ते सुटले, तर साखळी तुटण्याचा धोका असतो.

काटे

काटेही मशीन केसमध्ये असतानाच काढणे मला अधिक सुरक्षित वाटते, कारण केस हा होल्डरचे काम करतो आणि बॅलन्सवर भार येत नाही. काचेची कडी बिजागरीची आहे की आट्यांची, हे पाहून ती उघडावी. तासकाटा आणि मिनिटकाटा बारावर एकावर एक आणावेत. काही अमेरिकन घड्याळांत काटे लावण्यासाठी तबकडीच्या कडेला, एक-दोनच्या आसपास, एक बारीक पट्टी बाहेर ओढावी लागते. काटे जुळवून झाल्यावर ती पट्टी आठवणीने आत ढकलावी, नाहीतर ती पुढे तबकडीच्या वाटेत येते.

पातळ प्लास्टिकच्या तुकड्याला मधोमध चीर पाडून तो काट्यांखाली सरकवावा. तबकडीला पट्ट्यांचा थेट स्पर्श होऊ नये यासाठी हे असते. दुसरा पारदर्शक पिशवीचा तुकडा काट्यांवर धरावा, म्हणजे काटा उडाला तरी तेथेच अडकतो. मग दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या तासकाट्याच्या नळीखाली घालून, दोन्हींवर एकाच वेळी आणि सारखा दाब देऊन, काटे सरळ वर उचलावेत. एका बाजूने उचलल्यास कॅनन पिनियन (मिनिटकाटा जिच्यावर बसतो ती दातेरी नळी) वाकते आणि इनॅमलवर एकाच बिंदूवर भार येतो. मागून किल्लीने काटे लावण्याच्या स्विस घड्याळांत मधली दांडी पोकळ पिनियनमधून आरपार गेलेली असते, त्यामुळे मिनिटकाट्याबरोबर तीही वर येऊ पाहते. अशा वेळी मागच्या बाजूने तिला बोटाने आधार द्यावा.

तासकाटा हट्टाने बसलेला असेल, तर त्याच्याशी झुंजू नये. मिनिटकाटा काढून घ्यावा आणि तासकाटा तसाच राहू द्यावा. तबकडी उचलताना तासाचे चाक कॅनन पिनियनवरून सरकून तिच्याबरोबर बाहेर येते, आणि मग तबकडी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहत ते सावकाश वेगळे करता येते.

सेकंदकाट्याचे काम सर्वांत नाजूक आहे. तो चौथ्या चाकाच्या लांब, केसासारख्या पिव्हटवर बसलेला असतो. काटा तिरका ओढला, तर पिव्हट वाकतो किंवा मोडतो, आणि मग घड्याळ चालण्याचाच प्रश्न येतो. त्याच्या नळीखाली बारीक टोकाचे काटे-उचलणी हत्यार दोन्ही बाजूंनी बसवून तो सरळ वर घ्यावा. काही कारागीर स्क्रू सैल करून तबकडीच थोडी वर ढकलतात आणि तिच्या रेट्याने सेकंदकाटा सोडवतात. धातूच्या तबकडीला हे कदाचित चालेल, पण इनॅमलच्या तबकडीला मी ते कधीही सुचवणार नाही, कारण तो सगळा भार सेकंदाच्या छोट्या भोकाच्या काठावर, म्हणजे तिच्या सर्वांत कमकुवत जागी येतो.

मशीन केसबाहेर

बहुतेक घड्याळांचे मशीन तबकडीच्या बाजूने बाहेर येते. मागे प्लेटच्या काठाला केस धरणारे एक किंवा दोन स्क्रू असतात. डोके अर्धे कापलेले असेल, तर ते फक्त कापलेली बाजू केसकडे येईपर्यंत वळवावे, आणि पूर्ण डोक्याचे असेल, तर काढावे. अमेरिकन घड्याळात क्राउन बाहेर ओढून मशीन हलकेच पुढे ढकलले, की ते सुटते. स्विस घड्याळात दांडी धरणारा स्क्रू एक-दोन वळसे सैल करून आधी दांडी काढावी लागते. तो स्क्रू पूर्ण काढू नये, नाहीतर तबकडीखालचा भाग आतल्या आत सुटतो. जुन्या इंग्लिश घड्याळाचे मशीन बाराजवळच्या बिजागरीवर फिरते, आणि सहाजवळचा छोटा खटका दाबला, की वर उघडते.

स्क्रू सैल करणे आणि प्रत्यक्ष उचलणे

आता मशीन होल्डरमध्ये तबकडी वर ठेवून बसवावे आणि कडेचे स्क्रू भिंगातून शोधावेत. १६ आकाराच्या अमेरिकन मशीनचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर आणि १८ आकाराच्या मशीनचा सुमारे ४५ मिलिमीटर असतो. एवढ्या परिघावर तीन बारीक स्क्रू चुकवणे सोपे आहे, आणि मळ साचला असेल, तर एखादा दिसतही नाही. दोन सापडले आणि तबकडी एका बाजूने घट्ट राहिली, तर तिसरा नक्कीच आहे असे समजावे. काडीने कडेचा मळ साफ केला, की तो दिसतो.

प्रत्येक स्क्रू एक ते दीड वळसा सैल करावा. पूर्ण बाहेर काढायची गरज नसते. काढला, तर तो हरवतो किंवा परत बसवताना आटे बिघडतात. आतल्या बाजूने दिसणारा कापलेल्या डोक्याचा स्क्रू असेल, तर त्याची सपाट बाजू पायाकडे येईल एवढाच वळवावा. पिनेच्या घड्याळात पिनेच्या बारीक टोकाला लाकडी काडीने किंवा पितळी सुईने ढकलून ती जाड टोकाच्या दिशेने बाहेर काढावी. चिमट्याने पीळ देऊन ओढल्यास पाय वाकतो आणि त्याच्या बुडाशी मागचे इनॅमल उडते.

सगळे पाय मोकळे झाल्यावर तबकडीची कड दोन्ही हातांच्या नखांनी, पाय जेथे आहेत त्यांच्या जवळ धरून, अगदी थोडी वर घेऊन पाहावी. एका पायाजवळ केसभर उचलावी, मग दुसऱ्याजवळ, मग तिसऱ्याजवळ, आणि पुन्हा पहिल्याकडे यावे. दोन पायांच्या मधल्या भागातून ती कधीही उचकटू नये, कारण तेथे आधार नसतो आणि काच ताण सहन करत नाही. नखाने फट सापडत नसेल, तर पातळ प्लास्टिकची पट्टी घालावी. काही मशीनमध्ये पायांची टोके आतल्या बाजूने भोकांतून दिसतात. तेथून लाकडी काडीने हलका दाब देणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग आहे.

तबकडी वर येताना घड्याळ कलंडू देऊ नये. तासाचे चाक आणि त्याच्यावरची पातळ, किंचित फुगीर चकती सुटी असते. ही चकती पुष्कळदा तबकडीच्या मागच्या बाजूला तेलामुळे चिकटून येते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ती हरवली, तर चाक वर-खाली हलते आणि तासकाटा मध्येच थांबतो. तबकडी निघताच तिची मागची बाजू पाहणे हे पहिले काम समजावे. चकतीची फुगीर बाजू कोणीकडे होती, याचा फोटो काढावा. त्यानंतर कडेचे स्क्रू पुन्हा हलकेच आत वळवून ठेवावेत, म्हणजे मशीन धुताना ते गळून पडत नाहीत.

पुरात भिजलेले किंवा गंजलेले घड्याळ

पाण्यात राहिलेल्या घड्याळात दोन अडचणी असतात. कडेचे पोलादी स्क्रू पितळी प्लेटमध्ये गंजून घट्ट बसतात आणि तबकडी व प्लेट यांच्यामध्ये वाळलेला गाळ लुकणासारखा धरून राहतो. स्क्रू जागचा हलला नाही, तर जोर वाढवू नये. गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक बारीक थेंब सुईच्या टोकाने स्क्रूच्या कडेला सोडावा आणि पूर्ण एक दिवस थांबावे, लागल्यास पुन्हा थेंब द्यावा. नंतर स्क्रू आधी घट्ट करण्याच्या दिशेने अगदी किंचित आणि मग सैल करण्याच्या दिशेने वळवावा. तापवण्याचा उपाय इनॅमलजवळ करू नये.

गाळ सुटण्यासाठी इनॅमलची तबकडी असलेले मशीन रंग न घातलेल्या रॉकेलमध्ये काही तास ठेवता येते. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी. स्पिरिटमध्ये मात्र मशीन बुडवू नये, कारण पॅलेटची (चाकाचे दाते एकेक अडवून सोडणाऱ्या भागाची) रत्ने लाखेने बसवलेली असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्क्रूचे डोकेच तुटले आणि तबकडी अजून जागेवर असेल, तर तेथे थांबून ते घड्याळ अनुभवी घड्याळजींकडे न्यावे. तबकडी निघाल्यावर आत राहिलेला पोलादी तुकडा तुरटीच्या गरम, घट्ट द्रावणात विरघळवता येतो, कारण ते द्रावण पोलाद खाते आणि पितळ सोडते. पण त्यासाठी प्लेटवरचा प्रत्येक पोलादी भाग आधी काढलेला असावा लागतो.

तबकडी ठेवणे आणि परत बसवणे

काढलेली तबकडी पाय खाली करून फोमच्या जाड तुकड्यावर ठेवावी, म्हणजे पाय फोममध्ये रुततात आणि चकतीला सगळीकडून सारखा आधार मिळतो. तिच्यावर दुसरी वस्तू ठेवू नये. इनॅमल कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुता येते, परंतु कंपनीचे किंवा दुकानाचे नाव भट्टीत न भाजता वरून रंगवलेले असेल, तर ते चोळल्याने निघून जाते, म्हणून आधी एका अक्षराच्या कडेला ओल्या कापसाने पाहून घ्यावे. धातूच्या तबकडीला पाणी लावू नये. पाय तुटला असेल, तर इनॅमलच्या तबकडीवर डाक देण्याच्या फंदात पडू नये. तबकडीसाठी मिळणाऱ्या पातळ, दोन्ही बाजूंनी चिकट चकत्या त्याजागी वापरता येतात, आणि त्या पुढे काढताही येतात.

परत बसवताना कडेचे स्क्रू आधी सैल आहेत ना, हे पाहावे. एखादा स्क्रू आत राहिला, तर पाय त्याच्यावर आपटतो आणि वरून दाब दिला की इनॅमल फुटते. तासाचे चाक आणि चकती जागेवर ठेवून तबकडी सरळ खाली उतरू द्यावी. ती स्वतःच्या वजनाने जवळजवळ पूर्ण बसली पाहिजे. मग स्क्रू पायांना टेकेपर्यंत आणि त्यापुढे अगदी थोडे आवळावेत. तांबे मऊ असते, जास्त आवळल्यास पाय खोलवर दबतो आणि पुढच्या वेळी त्याच खळग्यामुळे तबकडी अडते. काटे बारावर जुळवून बसवल्यावर ते पूर्ण बारा तास फिरवून पाहावेत. तासकाटा सेकंदकाट्याच्या वरून जाताना, मिनिटकाटा तासकाट्यावरून जाताना आणि तो काचेखाली फिरताना कोठेही घासत नसेल, तरच काचेची कडी बंद करावी.